तिसऱ्या पुकाऱ्याआधीचा सिनेमा

पिक्चर दाखवायचा हे उर्सुलाने ठरवलं तेव्हा दुसरा पुकारा होऊन गेला होता. लग्न ठरलं की देवळात लागोपाठ तीन रविवार मिस्सेच्या उपासनेच्या शेवटी फादर नावं वाचतात, अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, आणि मग म्हणतात, या लग्नाला काही अडथळा कोणाला ठाऊक असेल तर त्याने तो कळवावा. कोणी काही कळवत नाही. उर्सुलाच्या चव्वेचाळीस वर्षांत एकदाच कोणीतरी कळवलं होतं, नवऱ्या मुलाची आधीची बायको जिवंत आहे म्हणून, आणि त्या एका गोष्टीवर गावाने दहा वर्षं काढली. पहिल्या पुकाऱ्याला सुझान अंगात कसकस आहे म्हणून घरीच राहिली. दुसऱ्याला ती आत्याच्या शेजारी बसली होती. 'गिरीजचा पॉल' हे शब्द कानावर आले तेव्हा तिने आत्याचा हात असा धरला की नखांचे चार वण संध्याकाळपर्यंत गेले नाहीत.

त्याच दुपारी विहिरीवर तिने आत्याला शेवटचं विचारलं. शेवटचं अशासाठी, की नाताळात पाचूबंदरच्या फेबियनचं प्रकरण घरात कळल्यापासून ती रोजच काही ना काही विचारत होती. फेबियनच्या बापाची मासेमारीची होडी होती आणि तो स्वतः होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. मुलगा निर्व्यसनी होता, रविवारची मिस्सा चुकवत नव्हता. पण तो कोळ्याचा होता आणि ही केळीच्या वाडीवाल्यांची, आणि वाडीवाल्यांनी आजवर बंदरात मुलगी दिली नव्हती. सुझानचं म्हणणं असं, की आत्याच्या वेळी निदान धर्म तरी आडवा आला होता. इथे धर्म एक, क्रूस एक, प्रार्थनेचं पुस्तकसुद्धा एकच. त्यावर तिच्या बापाने, म्हणजे उर्सुलाच्या थोरल्या भावाने, ॲन्सेल्मने, आवाज न चढवता उत्तर दिलं होतं. "देव एक असला म्हनून पंगत एक होत नाय." तेवढं बोलून तो पाटाला पाणी सोडायला वाडीत निघून गेला. मग तिची टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी सुटली, आणि ईस्टरपर्यंत पॉल ठरलाही.

"बाबांच्या समोर मी उभी राहणार नाही, आत्या," सुझान म्हणाली. "फादरनी विचारलं तेव्हाही मी हो म्हटलं. बाहेर व्हरांड्यात बाबा खोकत होते. पण त्यांनी एकदा, फक्त एकदा स्वतःहून विचारलं ना, की सुझान, तुला काय हवंय, तर मी सांगेन. तिसऱ्या पुकाऱ्याच्या आधी त्यांनी विचारलं पाहिजे. ते तू कर."

उर्सुलाने करते म्हणून सांगितलं. सांगताना तिला ठाऊक होतं की दादापुढे वाद घालणं तिला या जन्मी जमलेलं नाही. शाळेत तीस-पस्तीस वर्षांचे पालक तिच्यासमोर चळचळ कापत, हेडमास्तर तिचं तोंड पाहून वेळापत्रक बदलत, पण घरी ओटीवर दादा समोर बसला की बाईंची जीभ टाळ्याला चिकटे. घोडं नेहमी तिथेच अडायचं. बोलणं जमत नाही हे कळल्यावर दुसरं कोणीतरी आपल्या वतीने बोलावं असं माणसाला वाटतं, आणि उर्सुलाच्या ओळखीत तसं बोलणारं एकच होतं, ते म्हणजे एक पिक्चर.

चार वर्षांपूर्वी दादरला तो दोन आठवडे चालून उतरला. पहिल्यांदा ती शाळेतल्या बायकांबरोबर गेली आणि मध्यंतरात बाकीच्या तिघी उठून साड्या बघायला गेल्या. मग ती एकटीच तीनदा गेली. शाळेत सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जाते. पिक्चरात घडतं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. खाडीकाठच्या गावात जमीन मोजायला सरकारी मोजणीदार येतो आणि एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या घरी पडवीतली खोली भाड्याने घेतो. घरात म्हाताऱ्याची विधवा सून. मोजणी चार महिने चालते. दोघांची जात वेगळी, तिचं कपाळ पांढरं, आणि गावाला डोळे आहेत. एवढंच. एकमेकांना ती दोघं बोटसुद्धा लावत नाहीत. पहिली वीस मिनिटं तर एकमेकांशी बोलतही नाहीत.

पण उर्सुला त्या सावकाशीवर जीव टाकायची. त्यात ती सून सुपात तांदूळ निवडते आणि भिंतीच्या पलीकडे तो पाठ टेकून बसलेला असतो, आणि ती खडा वेचून पितळीत टाकते त्याचा टण्ण आवाज तो ऐकतो. एक खडा. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. चार मिनिटं पडद्यावर दुसरं काही नाही, आणि त्या चार मिनिटांत उर्सुलाला पहिल्या वेळी श्वास घेता येईना. मोजणीची साखळी धरायला एक दिवस गडी येत नाही, तेव्हा साखळीचं दुसरं टोक ती धरते, आणि दोघं शेताच्या दोन बांधांवर समोरासमोर उभी राहतात, मध्ये ताणलेली साखळी. लोक म्हणाले, पिक्चर फार रेंगाळतो. उर्सुलाला वाटलं, ज्यांना काहीच करता येत नाही त्यांचे दिवस असेच जातात, हे कोणाला तरी कळलंय. उमेळ्याचे हरेश्वर मास्तर आणि ती एकाच शाळेत शेजारच्या वर्गांवर होती, मध्ये अर्ध्या विटेची भिंत. तिकडे ते पाढे म्हणून घेत आणि इकडे ती मुलांना लिहायला देऊन गप्प बसायची. दीड वर्ष तिने एकोणतीसचा पाढा ऐकला. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, सुझानलाही नाही. पण दादाने हा पिक्चर पाहिला तर त्याला काय ते कळेल, सांगावं लागणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं. शिक्षकांची ही खोडच असते. आपल्याला जे उमगलं ते फळ्यावर नीट मांडलं की समोरच्याला उमगणारच, असं त्यांना वाटतं.

कटात दोन माणसं आणखी आली. धाकटा भाऊ हिलरी फोर्टात ऑफिसला होता, घरातला सुधारक म्हणून त्याचा लौकिक होता, आणि तो म्हणाला, पिक्चर संपला की विषय मीच काढतो, तू चिंता करू नकोस. दुसरी वहिनी, रिटा. रिटा कधी कटात यायची नाही, पण लेकीला रात्रंदिवस भिंतीकडे तोंड करून निजलेली पाहून तिचा जीव तुटत होता. ती एवढंच म्हणाली, "मी काय बोलनार नाय. पन मी त्यांना उठून जाऊ देनार नाय."

शनिवारी दुपारी हिलरी नालासोपाऱ्याहून टांग्यातून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ घेऊन आला. लग्नघरी व्हिडिओ आणायची फॅशन तेव्हा नवीन होती, त्यामुळे गल्लीतली दहा-बारा माणसं आधीच ओटीवर येऊन बसली. व्हिडिओवाल्याने बरोबर एक हाणामारीची आणि एक विनोदी कॅसेट दिली होती. तिसरी उर्सुलाने बांद्र्याच्या एका मैत्रिणीकडून दोन दिवस आधी मागवून ठेवली होती, ती तिने पदराआडून काढून हिलरीच्या हातात दिली. बायकांनी लग्नाचे तांदूळ निवडायला घेतले. पिक्चर बघता बघता कामही होईल, असा सगळ्यांचा हिशेब होता.

ॲन्सेल्म आतून अंघोळ करून पांढरा सदरा घालून आला आणि आरामखुर्चीत बसला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. बाप गेला तेव्हा तो अठ्ठावीसचा होता, आणि तेव्हापासून वाडी, दोन भावंडं, आईचं दुखणं हे सगळं त्याने एकट्याने ओढलं होतं. वाटणीच्या वेळी हिलरीने एवढा तमाशा केला तरी याने पाणीवाली विहीर त्याच्याच वाट्याला दिली. त्याच्यावर रागावणं सोपं नव्हतं, आणि उर्सुलाची खरी अडचण तीच होती. "उर्सुला, तू पन बस," तो म्हणाला आणि शेजारचं स्टूल त्याने पायाने पुढे सरकवलं. सुझान आतल्या दाराला टेकून उभी राहिली.

पहिल्या दहा मिनिटांत पोरं उठली. विसाव्या मिनिटाला शेजारच्या कॅथरीनने विचारलं, टीव्ही बिघडलाय का, कोणी बोलत का नाही. तांदूळ निवडण्याचा प्रसंग आला तेव्हा बायका हसू लागल्या, कारण पडद्यावर सूप आणि समोर सुपं, आणि पडद्यावरचीपेक्षा ह्यांचा हात जास्त चालत होता. एक जण म्हणाली, हिच्या वेगाने निवडलं तर आपलं लग्न पुढल्या वर्षी. उर्सुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकेक करून माणसं कंटाळली, कोणाला दळण आठवलं, कोणाला म्हैस. हिलरीही मध्येच घड्याळ बघून उठला, मांडववाल्याला भेटून येतो म्हणाला. सुधारक माणसाला दीड तास बसवत नाही, असं उर्सुलाच्या मनात आलं.

ॲन्सेल्म मात्र हलला नाही. त्याने हात खुर्चीच्या हातांवर ठेवले होते आणि मान किंचित पुढे काढली होती. साखळीचा प्रसंग आला तेव्हा तो पुटपुटला, "पक्की ओढली नाय तर माप चुकतं." उर्सुलाने चोरून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरची शीर फुगली होती. बाहेर उन्हं कलायला लागली होती, ओटीवर आता ॲन्सेल्मखेरीज चौघीच उरल्या, आणि त्यातल्या तिघींचे डोळे पडद्यापेक्षा ॲन्सेल्मवर जास्त होते. चौथी म्हणजे सुझानची लहान चुलत बहीण लिली, ती सुपाला टेकून झोपली होती.

पिक्चर शेवटाला आला. मोजणी संपते. मोजणीदार भिंतीपलीकडून सांगतो की होडी सकाळी सुटेल, एकाची जागा जास्तीची ठेवली आहे. ती बोचकं बांधते. आंधळा म्हातारा खाटेवर पडल्या पडल्या कापडाची गाठ मारल्याचं ऐकतो, आणि काही बोलत नाही. सकाळी होडी थांबते. मोजणीदार वाट बघतो. ती दारात उभी. मग होडी निघते, आणि शीड खाडीच्या वळणाला जाऊन दिसेनासं होईपर्यंत पडद्यावर दुसरं काहीच नसतं. फार वेळ जातो. मग ती आत येते, बोचकं सोडते, चुलीपाशी बसते आणि म्हाताऱ्याला विचारते, मामंजी, भाताला पाणी किती ठेवू? आणि पडदा काळा होतो. म्हातारा काय उत्तर देतो ते पिक्चरात नाही. दादरला चारही वेळा उर्सुला अंधारात मनातल्या मनात म्हणाली होती, देऊ नकोस रे उत्तर, मेल्या. एवढं वर्षानुवर्षं रांधणाऱ्या बाईला पाणी विचारावं लागतंय, आता तरी तुला कळू दे.

व्हिडिओ खरखरायला लागला. रिटाने उठून तो बंद केला. मग उर्सुलाने पाहिलं, ॲन्सेल्म रडत होता. बाप मेला तेव्हा न रडलेला, आईला मातीत ठेवताना फावडं स्वतः हातात घेतलेला ॲन्सेल्म सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होता, आणि त्याला लाजही वाटत नव्हती. सुझान दारातून एक पाऊल पुढे आली. तिच्या तोंडावर इतकी आशा उमटली की उर्सुलाला तिच्याकडे बघवेना. कळलं, उर्सुला मनाशी म्हणाली. देवा, कळलं त्याला.

"असा पिक्चर मी बघितला नव्हता," ॲन्सेल्म म्हणाला. "तो म्हातारा बघितलास, उर्सुला? आंधळा. कोन नाय त्याला. पोरगी बोचकं बांधते ते ऐकतो. ऐकून काय करतो? हात धरतो? नाय. शाप देतो? नाय. एक शब्द बोलला नाय. आनि तरी ती राहिली." त्याने पुन्हा डोळे पुसले. "सोन्यासारखी पोर. माया म्हंतात ती अशी."

उर्सुलाला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं, आणि ओटीवरचं सगळं जागच्या जागी असून दूर गेल्यासारखं वाटलं. त्याने पिक्चर पाहिला होता, अगदी मनापासून पाहिला होता, तिच्याइतकाच. पण तो म्हाताऱ्याच्या खाटेवरून पाहिला होता.

तेवढ्यात हिलरी मांडववाल्याकडून परत आला, त्याने भावाचे डोळे ओले पाहिले आणि काम फत्ते झालं असं समजून विषयाला हात घातला. दादा, माणसाचं मन महत्त्वाचं, जग बदललं, आपल्या सुझानचंही कोणीतरी ऐकायला हवं, असं तो म्हणाला. ॲन्सेल्मने त्याला शांतपणे विचारलं, तुझ्या बेलाला उद्या बंदरातला मागायला आला तर देशील? हिलरीची बेला तेव्हा नऊ वर्षांची होती. हिलरीने टीव्हीची वायर गुंडाळायला घेतली. म्हणाला, तसं बघायला गेलं तर दादा, तुझंही बरोबर आहे.

तो असा फिरेल हे सगळ्यांना माहीत होतं. कोणाला माहीत नव्हतं ते रिटाचं. पंचवीस वर्षांत नवऱ्यापुढे तोंड न उघडलेली रिटा मांडीवरचं सूप खाली ठेवून म्हणाली, "ती बाई राहिली. पन राहून तिचं काय झालं ते पिक्चरवाल्याने दाखवलं नाय."

"काय होनार?" ॲन्सेल्म म्हणाला.

"मला काय म्हाईत. उर्सुलाला विचारा. ती सांगेल." रिटा नणंदेकडे सरळ बघत होती. "सांग, उर्सुला. खरं ते सांग."

या एका वाक्यासाठी रिटाने केवढं धाडस गोळा केलं होतं ते उर्सुलाला कळत होतं. वहिनीने दार उघडून दिलं होतं, आता फक्त बाहेर पाऊल टाकायचं होतं. ॲन्सेल्म बहिणीकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं कौतुक होतं, आणि तेच भयंकर होतं.

"विचारायला कशाला पाहिजे," तो म्हणाला. "मी रडलो ते कोनासाठी? हिच्यासाठीच. बाबा गेले त्या साली ते मास्तरचं निघालं. मी हिला काय बोललो होतो? एक शब्द नाय. हिनेच येऊन सांगितलं, दादा, मलाच नको. मी लग्नच करनार नाय म्हनून. आज हिला शाळा आहे, मान आहे, देवळात पुढचा बाक आहे. बंदरात काय, उमेळ्यात काय, हिला नमस्कार केल्याशिवाय कोनी पुढे जात नाय. काय बिघडलं तुझं, उर्सुला? सांग ह्या पोरीला. काय बिघडलं?"

एक शब्द नाही, हे खरं होतं. तो फक्त जेवला नव्हता. त्रेसष्ट सालच्या त्या पावसाळ्यात तीन दिवस तो ताटावर बसायचा, ताटाकडे बघायचा आणि उठून वाडीत जायचा. आई रडायची. चौथ्या दिवशी बावीस वर्षांची उर्सुला वाडीत गेली. तो पानवेली बांधत होता, गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती, आणि तिला त्याची इतकी दया आली की ती म्हणाली, दादा, मलाच नको होतं. मास्तरांचं काही नाही, लोक उगीच बोलतात. तो तसाच घरी आला आणि जेवला. पुढे आपला मान राहावा म्हणून तिने ते वाक्य सगळ्यांना सांगितलं, मावश्यांना, फादरना, शाळेत. सांगता सांगता ते घरातलं सुभाषित होऊन बसलं, प्रत्येक लग्नात दादा ते अभिमानाने सांगायचा. हरेश्वर मास्तरांनी वर्षभर वाट पाहिली, मग बदली मागून डहाणूला गेले. गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला ते शाळेत आले होते. केस पांढरे झाले होते. दोघांनी चहा घेतला आणि त्यांनी विचारलं, तुमच्या वर्गाची ती भिंत अजून तशीच आहे का. ती म्हणाली, नवीन बांधली. ते गेल्यावर तिने मुलांना लिहायला दिलं आणि तासभर खिडकीपाशी उभी राहिली.

हे सांगायचं होतं. रोज संध्याकाळी परत आल्यावर आपल्या खोलीत स्वतःसाठी दिवा लावताना कसं वाटतं, ते सांगायचं होतं. दुसऱ्यांच्या मुलांची अक्षरं वळणदार करताना एखाद्या दिवशी खडू फेकून द्यावासा वाटतो, ते सांगायचं होतं. दादा, तू बोलला नाहीस म्हणून मला भांडता आलं नाही, हे तर पहिल्यांदा सांगायचं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते. पण तसं म्हटलं असतं तर बावीस वर्षांचा मान, देवळातला पुढचा बाक, आणि समोर बसलेल्या या रडवेल्या माणसाचं एकुलतं एक समाधान, सगळं एका वाक्यात मातीला मिळालं असतं. तिला पुन्हा त्याची दया आली. पुन्हा तेच झालं.

"काही नाही," उर्सुला म्हणाली. "काही बिघडलं नाही."

तिच्याच कानांना ते शाळेतल्या बाईंचं उत्तर वाटलं, स्वच्छ आणि ठाम. ॲन्सेल्मने मान हलवली आणि लेकीकडे बघून हसला, ऐकलंस ना, असं. रिटाने सूप परत मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, शिवणाऱ्याकडून झगा सोमवारी आणायचाय, कंबरेत सैल होतोय, पोरगी सुकली. सुझान दारातच उभी होती. तिने आत्याकडे पाहिलंही नाही. ती खाली बसली, झोपलेल्या लिलीच्या गालाला चिकटलेले तांदूळ तिने एकेक करून काढले आणि सुपात टाकले.

संध्याकाळच्या तेर्साला, घरातल्या माळेच्या प्रार्थनेला, सुझान नेहमीच्या जागी गुडघ्यावर बसली आणि तिने स्पष्ट आवाजात उत्तराचे जाप दिले. उर्सुला तिच्या जवळ गेली आणि कुजबुजली, उद्या मिस्सेआधी मी फादरना गाठते, मुलीची मर्जी नाही म्हणून सांगते, माझ्या शब्दाला तिथे वजन आहे. सुझानने मणी पुढे ढकलला. म्हणाली, "तू सांगशील. मग फादर बाबांना बोलावतील. मग बाबा तुला विचारतील, काय बिघडलं होतं तुझं. राहू दे, आत्या." तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. रागावली असती तर उर्सुलाला बरं वाटलं असतं.

तरी रविवारी उर्सुला लवकर गेली. फादर वेदीमागच्या खोलीत, सांक्रिस्तीत, झगा चढवत होते. तिला पाहून म्हणाले, या बाई, तुमच्या घरचा आज तिसरा ना, अभिनंदन. ती म्हणाली, हो फादर. मग तिने विचारलं की पहिल्या कोम्युनिओच्या, पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांची यादी कधी देऊ. फादर म्हणाले, सावकाश. ती बाहेर येऊन पुढच्या बाकावर बसली.

मिस्सा झाली. फादरनी कागद उलगडला आणि नावं वाचली. गिरीजचा पॉल, आपल्या गावच्या ॲन्सेल्मची कन्या सुझान, तिसरा आणि शेवटचा पुकारा. या लग्नाला काही अडथळा असल्याचं कोणाला ठाऊक असेल तर त्याने तो कळवावा. फादर नेहमीप्रमाणे क्षणभर थांबले. पुरुषांच्या बाजूला कोणीतरी खोकलं. मागच्या दाराशी, जिथे बाहेरगावची माणसं उभी राहतात, तिथे पाचूबंदरचा एक उंच मुलगा खांबाला टेकून उभा होता. उर्सुलाने वळून पाहिलं नाही, पण तो तिथे आहे हे तिला ठाऊक होतं, आणि अडथळाही ठाऊक होता, देवळातल्या सगळ्यांत जास्त तिलाच. पुढच्या बाकाच्या कडेवर ठेवलेले आपले हात ती बघत राहिली. फादरनी कागदाची घडी घातली. ती उठून वळली तेव्हा खांबापाशी कोणी नव्हतं.

घरी आल्यावर ॲन्सेल्म ओटीवर बसला, मांडववाले आले होते त्यांच्याशी बोलू लागला. रिटा पाहुण्यांच्या चादरी वाळत घालायला मागे गेली. हिलरी टीव्ही टांग्यात चढवत होता. कॅसेट तिथेच राहिली होती, उर्सुलाने ती उचलून पिशवीत घातली आणि स्वयंपाकघरात आली.

सुझानने पदर खोचला होता. तांदूळ धुऊन तिने टोप चुलीवर ठेवला होता. वयाच्या दहाव्या वर्षापासून या घरचा भात तीच टाकत होती, वीस माणसांचा असो की पाचांचा, माप कधी चुकलं नव्हतं. तिने तांब्या भरून घेतला आणि टोपावर धरला, ओतला नाही.

"आत्या," तिने न वळता विचारलं, "भाताला पाणी किती ठेवू?"

ओटीवरून ॲन्सेल्मचं हसणं ऐकू आलं. उर्सुला दारात उभी होती. सुझान थांबली होती, तांब्या धरलेला हात जराही हलत नव्हता, आणि ती वाट बघत होती.

"दोन पेरं वर," उर्सुला म्हणाली.